कोयना खोऱ्यातील ऊर्जानिर्मितीचे अर्थकारण

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर येथील धरणावर आधारलेली जलविद्युत् केंद्रे, त्या खोऱ्याच्या माथ्यावरील पठारांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या आणि त्याच पाण्यावर हक्क सांगणारी सातारा-सांगली भागातील शेती यांच्या परस्परसंबंधांचा आर्थिक इतिहास. कोळसा वा तेल न जाळता वीज कशी मिळवावी, या प्रश्नाला अलीकडे अल्पकार्बन ऊर्जेकडील स्थित्यंतर असे नाव मिळाले आहे. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न जुना असून तो प्रथम हवामानाच्या चिंतेतून नव्हे, तर कोळशाच्या खाणी दूर असल्यामुळे उपस्थित झाला. कोयनेची वीज स्वस्त ठरली हे खरे. तथापि तिच्या किंमतीतील काही बाबी वीजदरात कधीच उतरल्या नाहीत. त्या कोणी भरल्या हे पाहिल्यावाचून तिच्या स्वस्ताईचा अर्थ लागत नाही.

भौगोलिक आधार : कोयना नदी महाबळेश्वर येथे उगम पावते. सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी सु. ६५ किमी. दक्षिणेकडे वाहून ती हेळवाकजवळ एकदम पूर्वेकडे वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. या वळणाच्या थोडे वर, देशमुखवाडीजवळ, धरण बांधलेले आहे. धरणाच्या वरील पाणलोट क्षेत्र सु. ८९२ चौ. किमी. म्हणजे फार मोठे नाही. परंतु तेथे वर्षाला सरासरी ५,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नदीच्या पश्चिमेस काही किलोमीटरांवरच सह्याद्रीचा कडा तुटतो व कोकणाची तळपट्टी सु. ५०० मी. खाली लागते. पूर्वेकडे जाणाऱ्या या पाण्याला डोंगर पोखरून पश्चिमेकडे वळविले, तर नदीच्या नैसर्गिक मार्गात जो पात शेकडो किलोमीटरांत विखुरला जातो, तो एकाच उडीत हाती येतो. कोयनेचे सर्व अर्थकारण या एका भौगोलिक योगायोगावर उभे आहे.

हा योगायोग आकड्यांत मांडता येतो. एक घनमीटर पाणी पोफळी येथील केंद्रातून आणि त्यानंतर कोळकेवाडी धरणाखालील केंद्रातून उतरले, की एकूण पात सु. ६०० मी.च्या घरात जातो व यंत्रांतील घट वजा जाता ढोबळमानाने १.४ युनिट वीज मिळते. हेच घनमीटर धरणाच्या पायथ्याशी पूर्वेकडे सोडले, तर मिळणारी वीज फार तर याच्या सहाव्या हिश्श्याइतकी असते. मात्र पूर्वेकडे सोडलेले पाणी शेताला मिळते आणि पश्चिमेकडे सोडलेले वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते.

पूर्वपीठिका : सह्याद्रीच्या कड्याचा असा उपयोग करण्याची कल्पना प्रथम टाटा उद्योगसमूहाने अंमलात आणली. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) या तीन केंद्रांतून मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. या गिरण्या तोपर्यंत बाष्पएंजिनांवर चालत आणि त्यांचा कोळसा बंगाल-बिहारकडून रेल्वेने किंवा समुद्रमार्गे येई. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा महागला व दुर्मिळही झाला आणि घाटमाथ्यावरील पाण्याची वीज गिरणीमालकांना परवडू लागली. मुंबईने आपल्या कारखानदारीतील कोळशाचा मोठा भाग अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वीच बाजूला सारला होता. आजच्या चर्चेत ही गोष्ट क्वचितच आठवली जाते.

त्या काळातच या व्यवहाराची दुसरी बाजूही पुढे आली. भिरा केंद्रासाठी मुळशी येथे बांधावयाच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला व सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. सत्याग्रह अयशस्वी झाला, धरण बांधले गेले. परंतु इंधनाचा खर्च नसलेल्या विजेची किंमत बुडालेल्या जमिनींच्या रूपाने आधीच कोणीतरी देऊन ठेवलेली असते, हे त्या लढ्याने प्रथम उघड केले.

कोयनेच्या जागेची पाहणी टाटा समूहाने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत केली होती. तिसाव्या दशकाच्या तोंडावर आलेल्या मंदीत ती योजना मागे पडली. इतक्या मोठ्या भांडवलाची गुंतवणूक करून अनेक वर्षे परताव्याची वाट पाहणे खाजगी कंपनीला त्या काळी शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने हे काम हाती घेतले. १९५१ मध्ये तपशीलवार अन्वेषण सुरू झाले, १९५३ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली व १९५४ मध्ये बांधकामास आरंभ झाला.

निर्णयामागील हिशेब : कोळशावरील केंद्र आणि जलविद्युत् केंद्र यांच्या खर्चाची घडण मुळातच भिन्न असते. कोळशाचे केंद्र तुलनेने थोड्या भांडवलात व थोड्या वर्षांत उभे राहते. पुढे मात्र प्रत्येक युनिटामागे इंधनाचा आणि रेल्वेवाहतुकीचा खर्च जन्मभर चालू राहतो. जलविद्युत् केंद्रात उलट असते. आयुष्यभराचा खर्च जणू पहिल्या दहा वर्षांतच करून टाकावा लागतो, त्यानंतर पाणी फुकट. त्यामुळे दोहोंची तुलना करताना निर्णायक ठरतो तो व्याजाचा दर. भांडवल स्वस्त असेल तर धरण परवडते, महाग असेल तर कोळसा. सौर व पवन ऊर्जेलाही हाच नियम लागू पडतो आणि म्हणून कोयनेच्या हिशेबाला केवळ ऐतिहासिक मोल आहे असे म्हणता येत नाही.

१९५० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्राला कोळसा जवळपास उपलब्ध नव्हता. विदर्भातील खाणी तेव्हा वेगळ्या राज्यात होत्या. तुर्भे येथे टाटांचे औष्णिक केंद्र १९५६ मध्ये सुरू झाले असले, तरी मुंबई-पुणे पट्ट्याची गरज त्याहून वेगाने वाढत होती. खाणींपासूनचे हे अंतरच पुढे तारापूर येथील अणुविद्युत् केंद्राच्या (१९६९) समर्थनार्थही पुढे करण्यात आले. म्हणजे कोयना व तारापूर ही पश्चिम किनाऱ्यावरील दोन्ही मोठी बिनकोळशाची केंद्रे एकाच अडचणीतून जन्मली.

भांडवलापैकी दगड, सिमेंट व मजुरी हा भाग देशात मिळण्यासारखा होता. जनित्रे, टरबाइने व इतर यंत्रसामग्री परदेशांतून आणावी लागणार होती. १९५७ च्या सुमारास देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली. अशा वेळी जागतिक बँकेने १९५९ मध्ये कोयनेसाठी २.५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हाच्या दराने सु. १२ कोटी रुपयांचे. १९६२ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी कर्ज मिळाले. पुढे जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला आणि फेडावयाच्या उरलेल्या कर्जाचा रुपयांतील भार एका दिवसात निम्म्याहून अधिक वाढला. इंधनाच्या दरवाढीपासून मुक्त असलेली वीज चलनाच्या घसरणीपासून मुक्त नसते. आयात केलेल्या यंत्रांवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक ऊर्जाप्रकाराला हा धोका आजही आहे.

उभारणी : धरण दगड-काँक्रीटचे असून त्याची पायापासूनची उंची १०३ मी. व लांबी सु. ८०७ मी. आहे. शिवसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयाची मूळ साठवणक्षमता सु. ९८.८ अब्ज घनफूट होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दरवाजांची उंची वाढवून ती १०५.२५ अब्ज घनफुटांवर नेण्यात आली. नवजा येथून पाणी पावणेचार किलोमीटरांच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे नेऊन उभ्या दाबनलिकांनी पोफळी येथील भूमिगत केंद्रात सोडले जाते. पहिल्या टप्प्यातील संच १९६२ पासून व दुसऱ्या टप्प्यातील १९६६-६७ मध्ये कार्यान्वित झाले. दोन्ही मिळून आठ संच असून सुधारणांनंतर त्यांची क्षमता ६०० मेवॉ. धरली जाते. तिसरा टप्पा (३२० मेवॉ.) कोळकेवाडी येथील दुसऱ्या धरणाच्या आधारे अलोरे येथे १९७५-७८ या काळात पुरा झाला. धरणाच्या पायथ्याशी, पूर्वेकडे सोडावयाच्या पाण्यावर ४० मेवॉ.चे लहान केंद्र त्यानंतर उभे राहिले.

केंद्रांची मालकी राज्याच्या पाटबंधारे (आता जलसंपदा) खात्याकडे राहिली व ती चालविण्याचे काम भाडेपट्ट्याने १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाकडे आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर त्याच्या निर्मिती कंपनीकडे आले. ही व्यवस्था वरवर केवळ कागदोपत्री वाटते. पण तिचा परिणाम असा झाला, की भांडवलाचा भार सरकारच्या हिशेबात, विजेचे उत्पन्न मंडळाच्या हिशेबात आणि पाण्याच्या टंचाईचा भार शेतकऱ्याच्या हिशेबात विभागला गेला. तिन्ही रकाने एका पानावर क्वचितच मांडले गेले.

कोयनेच्या विजेचा पहिला मोठा ग्राहक मुंबई हाच होता. पण तिच्या वाहिन्यांमुळे कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातही वीज आली. नदीकाठी डिझेल एंजिनांवर चालणारे पंप विजेच्या मोटारींवर जाऊ लागले, सहकारी उपसा सिंचन संस्था निघाल्या आणि उसाचे क्षेत्र वाढले. किर्लोस्करवाडीसारख्या जुन्या औद्योगिक वसाहती व नवे सहकारी साखर कारखाने यांच्या वाढीमागे ही वीज उभी होती. या भागाच्या सुबत्तेचे श्रेय सहकाराला दिले जाते ते योग्यच आहे. मात्र स्वस्त विजेवाचून कृष्णाकाठचा ऊस चढावरील रानात पोहोचला नसता.

विस्थापितांचा वाटा : शिवसागराखाली शंभराच्या आसपास गावे सर्वतः वा अंशतः गेली व हजारो कुटुंबे उठली. नुकसानभरपाई १८९४ च्या भूसंपादन अधिनियमानुसार, म्हणजे जमिनीच्या बाजारभावाने देण्यात आली. भात, नाचणी व वरी पिकविणाऱ्या डोंगरउतारांचा बाजारभाव तो काय असणार? रान, गवत, जळण आणि नदी यांवर चालणाऱ्या जीवनाची तर रोख किंमतच होत नव्हती. अनेक कुटुंबे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला सर्वसाधारण कायदा १९७६ मध्ये झाला; तेव्हा शिवसागर भरून बारा-तेरा वर्षे लोटली होती. लाभक्षेत्रातील जमीन विस्थापितांना देण्याचे जे तत्त्व पुढे मान्य झाले, तेही येथे सहजी लागू पडण्यासारखे नव्हते. कारण या धरणाच्या पाण्याचा मोठा भाग कोणत्याच शेताला जात नव्हता.

जे मागे राहिले त्यांची स्थिती आणखी चमत्कारिक झाली. तापोळा-बामणोली परिसरातील व कांदाटी खोऱ्यातील गावे जलाशयामुळे मुख्य रस्त्यांपासून तुटली व लाँच हे त्यांचे नित्याचे वाहन बनले. १९८५ मध्ये भोवतीचे वन कोयना अभयारण्य म्हणून व २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग म्हणून घोषित झाल्यावर काहींना दुसऱ्यांदा उठण्याची पाळी आली. कोयना धरणग्रस्तांचे लढे श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ चालले. २०१८ मध्ये, म्हणजे पहिला संच फिरल्यानंतर छप्पन्न वर्षांनीही, जमिनीच्या मागणीसाठी कोयनानगर येथे त्यांना धरणे धरावे लागले. भांडवलावरील व्याज प्रकल्पाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरले जाते. जमिनीची वाट पाहणाऱ्यांच्या या वर्षांवर मात्र कोणी व्याज आकारलेले नाही.

भूकंप : ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरास तीव्र भूकंपाचा धक्का बसला. त्याचे परिमाण ६.३ ते ६.५ च्या दरम्यान मानले जाते. सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांवर जखमी झाली व कोयनानगरातील बहुसंख्य घरे कोसळली. धरणाच्या वरच्या भागात, जेथे त्याचा छेद अरुंद होतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. धरण उभे राहिले. वीजपुरवठा खंडित झाल्याने मुंबई-पुण्याचे कारखाने थंडावले. एकाच केंद्रावर राज्याने किती भार टाकला होता, हे त्या पहाटे कळले. नंतर धरणास आधारभिंती जोडून ते मजबूत करण्यात आले. जलाशय भरल्यामुळे भूकंपास चालना मिळण्याचे जगातील हे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण होय. येथे लहान धक्के अद्याप चालू असल्याने त्यांच्या अभ्यासासाठी कराड येथे केंद्र शासनाची प्रयोगशाळा स्थापन झाली असून गोठणे येथे २०१७ पर्यंत ३ किमी. खोल वेधन पूर्ण करण्यात आले. मजबुतीकरण, निरीक्षण व पुनर्बांधणी यांचा हा खर्च मूळ प्रकल्प-अहवालातील प्रति-युनिट किंमतीत असण्याचे कारणच नव्हते.

पाण्याची किंमत : कृष्णा ही तेव्हा तीन राज्यांची नदी होती. तिच्या खोऱ्यातील पाणी खोऱ्याबाहेर समुद्राकडे सोडण्यास खालच्या राज्यांनी हरकत घेतली. १९६९ मध्ये नेमलेल्या, न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने १९७३ व १९७६ मध्ये दिलेल्या निर्णयांनुसार कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा आली. ती टप्प्याटप्प्याने कमी करीत वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांवर आणण्यात आली. म्हणजे सु. १,९११ दशलक्ष घनमीटर. या पाण्यापासून दोन्ही उड्यांत मिळून ढोबळमानाने २७० कोटी युनिट वीज होऊ शकते. कोळशाच्या विजेमागे प्रति-युनिट ०.९ ते १ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो असे धरल्यास, वर्षाला सु. २५ लाख टन वायूची बचत या एका खोऱ्याच्या नावावर मांडावी लागेल.

पण त्याच पाण्याची दुसरी किंमतही मांडली पाहिजे. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे जत, कवठे महांकाळ, आटपाडी, खानापूर हे तालुके, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कोयनेच्या जलाशयापासून दीड-दोनशे किलोमीटरांच्या आत असूनही तेथे पाऊस तिच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. या भागासाठी ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजना आखण्यात आल्या. त्यांत कृष्णेचे पाणी, ज्यात उन्हाळ्यात कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा भाग मोठा असतो, पंपांनी अनेक टप्प्यांत वर चढविले जाते. एक घनमीटर पाणी ३०० मी. उचलावयाचे तर सु. १.१ युनिट वीज लागते. म्हणजे जे पाणी पश्चिमेकडे उतरले असते तर १.४ युनिट देऊन गेले असते, तेच पूर्वेकडे शेतात चढविण्यास १.१ युनिट घेते. दोन्ही मार्गांमधील अंतर घनमीटरामागे अडीच युनिटांचे पडते. हे अंतर परवडते की नाही, हे त्या घनमीटरावर काय पिकते यावर अवलंबून आहे. डाळिंब, द्राक्षे वा ज्वारी यांचे उत्तर एक आणि उसाचे उत्तर दुसरे, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. त्या भागातील शेतकरी ते जाणतो.

या योजनांची वीजबिले थकत गेली व पंप वारंवार बंद पडले. अखेर बिलाचा ८१ टक्के भाग शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी सोसावा असे सूत्र ठरले. हे एक अनुदानच आहे. मात्र पर्जन्यछायेतील शेतकऱ्याला दिलेली सवलत म्हणून त्याकडे पाहताना, त्याच्या खोऱ्यातील पाणी अनेक दशके मुंबईच्या दिव्यांसाठी समुद्राकडे गेले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

जलाशय किती भरलेला ठेवावा यावरूनही हितसंबंध भिडतात. विजेला व उन्हाळी सिंचनाला जलाशय लवकर भरलेला हवा. पूरनियंत्रणाला तो पावसाळ्यात अंशतः मोकळा हवा. सांगलीस २००५ व २०१९ मध्ये आलेल्या महापुरांनंतर हा वाद तीव्र झाला.

चौथा टप्पा : पाण्याचा वाटा ठरून गेल्यावर अधिक वीज मिळणे शक्य नव्हते. तरीही १,००० मेवॉ.चा चौथा टप्पा जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने बांधण्यात आला. १३ मार्च १९९९ रोजी नॉर्वेत विकसित झालेल्या तंत्राने जलाशयाच्या तळाखाली शेवटचा खडक सुरुंगाने उडवून बोगद्यात पाणी घेण्यात आले. २५ एप्रिल २०१२ रोजी तोच प्रयोग दुसऱ्यांदा झाला. वृत्तपत्रांनी या सुरुंगाचे कौतुक केले. अर्थशास्त्रदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पोफळीच्या ६०० मेवॉ.च्या संचांना वाट्याचे पाणी वर्षभर दररोज सरासरी दहा तास पुरत असे. क्षमता १,६०० मेवॉ. झाल्यावर तेच पाणी दिवसाला चार तासांहून कमी पुरू लागले. चौथ्या टप्प्याने विजेच्या युनिटांत जवळजवळ काहीच भर घातली नाही. ती कोणत्या तासाला मिळावी याची निवड विकत घेतली. सायंकाळी दिवे लागतात, पंप व घरगुती उपकरणे एकाच वेळी चालू होतात, तेव्हा काही मिनिटांत पूर्ण भाराला येणारे हे संच कोळशाच्या मंदगती केंद्रांची उणीव भरून काढतात.

याच वर्षी, त्याच वाशिष्ठीच्या मुखाशी, गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेवॉ.चा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला (मे १९९९). कोयनेचे पाणी टरबाइनातून उतरून ज्या खाडीतून समुद्रास मिळते, तिच्याच काठावर आयात इंधनावरील हे केंद्र उभे होते. त्याच्या करारात वीज घेतली न घेतली तरी क्षमतेपोटी आकार द्यावयाचा होता व दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. विद्युत् मंडळाला तो भार पेलवला नाही व मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. पुढे ते सार्वजनिक क्षेत्रातील नव्या कंपनीकडे देऊन पुन्हा चालू करावे लागले. दोन्ही ठिकाणी विदेशी भांडवल होते, दोन्ही ठिकाणी डॉलरचा धोका होता. फरक असा, की कोयनेत तो धोका यंत्रांच्या किंमतीपुरता मर्यादित राहिला. दाभोळमध्ये तो इंधनाच्या प्रत्येक खेपेबरोबर नव्याने येत राहिला.

पठारावरील वारा : कोयना जलाशयाच्या पूर्वेस पाटण व सातारा तालुक्यांत समुद्रसपाटीपासून १,००० मी.हून अधिक उंचीची सडे म्हणून ओळखली जाणारी पठारे आहेत. वनकुसवडे, चाळकेवाडी व ठोसेघर येथील पठारांवर १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढे सांगली जिल्ह्यातील ढालगाव व गुढे-पाचगणी येथेही त्या पोहोचल्या. ही लाट वाऱ्यापेक्षा करसवलतींच्या जोरावर आली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. गुंतवणुकीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखविण्याची मुभा होती व राज्याची विक्रीकर-सवलत तिच्या जोडीला होती. नफ्यातील कंपनीला पवनचक्की हे कर वाचविण्याचे उत्तम साधन झाले. चक्की किती फिरते यापेक्षा ती मार्चअखेरपूर्वी उभी राहते की नाही, याला महत्त्व आले. नोव्हेंबर २००३ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने पवनविजेला पहिल्या वर्षी प्रति-युनिट ३.५० रुपये व पुढे १३ वर्षांपर्यंत दरवर्षी १५ पैशांची वाढ असा दर ठरवून दिला. त्यानंतर प्रत्यक्ष निर्मितीला मोल आले. घसाऱ्याची सवलत उत्तरोत्तर कमी होऊन २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली.

या पवनचक्क्या वर्षाच्या सरासरीत आपल्या पूर्ण क्षमतेच्या सु. पाचव्या हिश्श्याइतकी वीज देतात व तीही मुख्यतः नैर्ऋत्य मॉन्सूनच्या महिन्यांत. येथे निसर्गाने एक जोडणी करून ठेवली आहे. पठारावर वारा जोरात असतो तेव्हा खाली शिवसागर भरत असतो. वाऱ्याच्या विजेने त्या काळातील गरज भागली, तर पाणी राखून ठेवून उन्हाळ्यात वापरता येते. साखर कारखान्यांतील चिपाडावर होणारी वीज नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात येते. एका जिल्ह्याच्या परिसरात तीन ऋतूंत तीन प्रकारची बिनकोळशाची वीज मिळणे हे दुर्मिळ आहे. मात्र या तिन्हींचे खरेदीकरार स्वतंत्र, दर स्वतंत्र व ग्राहकही बहुधा स्वतंत्र राहिल्याने या जोडणीचा पुरता लाभ बराच काळ घेतला गेला नाही.

सौरयुगातील कोयना : २०१० नंतर सौर विजेचे दर झपाट्याने उतरले आणि कोळशाशी तुलना करण्याचा जुना प्रश्न उलटा झाला. दुपारची वीज आता स्वस्त आहे, सूर्यास्तानंतरची महाग. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा वीज देऊन सायंकाळचा भार हलका करण्याचा प्रयत्न आहे. परंतु सायंकाळी चढणाऱ्या मागणीसाठी साठविलेली ऊर्जा लागतेच. कोयनेचा चौथा टप्पा ज्या कारणासाठी बांधला गेला, ते कारण पंचवीस वर्षांनंतर अधिकच बळकट झाले आहे, आणि त्याच्या युनिटाची किंमत ठरविताना सरासरी दर लावणे आता रास्त राहिलेले नाही.

साठवणीच्या याच गरजेतून उदंचन जलविद्युत् योजनांकडे लक्ष गेले. त्यांत दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवून रात्री ते पुन्हा खाली सोडतात. चढविण्यास लागलेल्या दर शंभर युनिटांमागे पंच्याहत्तर ते ऐंशी परत मिळतात. घाटघर येथे २५० मेवॉ.ची अशी योजना २००८ पासून चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासनाने शिरवटा (१,८०० मेवॉ.) व भिवपुरी (१,००० मेवॉ.) येथील योजनांसाठी टाटा कंपनीशी सामंजस्य करार केला, शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी निवडलेल्या जागाच पुन्हा उपयोगी ठरल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याने उदंचन योजनांविषयीचे धोरण जाहीर केले. कोयनानगर येथे धरणाच्या डाव्या तीरावर पायथ्याशी ४० मेवॉ.चे दोन उलट-सुलट फिरणारे संच बसविण्याची योजना हाती घेण्यात आली. सिंचनासाठी पूर्वेकडे सोडावयाच्या पाण्यावर हे संच वीज निर्माण करतील व मागणी कमी असताना खालचे पाणी पुन्हा जलाशयात चढवतील. पश्चिमेकडील ६७.५ अब्ज घनफुटांचा वाटा त्यामुळे बदलत नाही. त्याचा हिशेब पूर्वीप्रमाणेच दरवर्षी १ जून रोजी नव्याने सुरू होतो.